तक्रारीचे सहा प्रकार

३ फेब्रुवारी
संकल्प : यापुढे संतापायचं नाही. आमची कंपनी वॉशिंग मशीन दुरुस्त करते. तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर माझं. तक्रारीचे प्रकार सहा, थेट कोडमध्ये, एनम म्हणून, म्हणजे पक्की बांधलेली यादी. काळ्या दगडावरची रेघ. नवी आलेली ज्युनिअर म्हणते, प्रकार डेटाबेसच्या टेबलात ठेवू, प्रोग्रॅम चालू झाला की तिथून वाचेल, नवा प्रकार हवा तर कोडला हात लावायला नको. म्हणजे टेबलात कोणीही काहीही भरणार आणि निस्तरणार मी! कोडमध्ये चुकलं तर तो तपासणारा कंपायलर लगेच कान उपटतो. टेबलात चुकलं तर?
संताप उद्यापासून बंद.

९ फेब्रुवारी
हेल्पलाइनवरच्या ताईंचा फोन. दार अडकल्याची तक्रार कशात घालू? म्हटलं, सहांत बसवा. मग ‘इतर’ तरी ठेवा म्हणाल्या. ‘इतर’ ही आळशांची सोय. नाही ठेवणार.

१७ फेब्रुवारी
बॉसनेही सातवा प्रकार मागितला. नवी आवृत्ती, टेस्टिंग, महिना जाईल म्हटलं. घड्याळ बघत निघून गेला. पटलं असणार.

२ मार्च
आकडे काढले. जवळजवळ सगळ्या तक्रारी ‘आवाज येतो’च्या! सहासुद्धा जास्तच झाले म्हणायचे. ज्युनिअर म्हणाली, यादीत ते पहिलं आहे, ज्याला जागा नाही ते सगळं तिथेच पडतं. जळफळाट, दुसरं काय! आवाज म्हणजे बेअरिंग झिजलेलं, म्हणून माझ्या रिपोर्टवरून बॉसने गोदामभर बेअरिंग मागवली. सॉफ्टवेअर आर्किटेक्टची वरची जागा रिकामी आहे, ती आता माझीच. बायको म्हणाली, आधी नेमणुकीची ऑर्डर हातात येऊ दे. या घरात कौतुकाचा दुष्काळ आहे.

११ मार्च
उद्या त्या जागेची मुलाखत. आणि घरच्या मशीनचं दार उघडेना. आत माझा एकुलता एक बरा शर्ट, पाण्यात. हेल्पलाइनला फोन केला. ताई म्हणाल्या, दाराचा प्रकारच नाही हो, ‘आवाज येतो’ घालू? मी कोण ते सांगितलं नाही. घाला म्हटलं.

१२ मार्च, सकाळ
मेकॅनिक आला, बेअरिंग घेऊन. मशीनला कान लावला. आवाज नाही म्हणाला आणि तक्रार बंद करून गेला. दाराचं सांगितलं, तर म्हणाला ती वेगळी तक्रार, पुन्हा नोंदवा.

१२ मार्च, संध्याकाळ
टी-शर्टवर गेलो. शर्टाबद्दल कोणी विचारलं नाही. गोदामात पडून राहिलेल्या बेअरिंगबद्दलच विचारत होते.

१६ मार्च
जागा ज्युनिअरला. तिने दुपारपर्यंत प्रकार टेबलात हलवले. ‘दार उघडत नाही’ ताईंनी स्वतःच भरला. फार लागलं मनाला.
घरून फोन केला. लगेच माणूस आला, दार उघडलं. शर्ट कुजला होता. बायको काहीच बोलली नाही. बोलली असती तर भांडता आलं असतं.