पिंडाजवळची जिलेबी

मंगळवार, ११ फेब्रुवारी. संध्याकाळ.

नांदूरघाटला आबांचा दहावा. आबा म्हणजे दादांचे जन्माचे मित्र. पिंड मांडून सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते. आबांना आवडायची म्हणून पिंडाजवळ जिलेबी ठेवलेली. कावळा काही शिवेना. दादा सरळ पुढे गेले आणि ती जिलेबी खाऊ लागले.

मी त्यांचं मनगट पिरगाळलं. स्वतःच्या वडिलांचं, चारचौघांत. वर लोकांना म्हणालो, "त्यांना काही आठवत न्हाई आता."

खोटं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. मेंदूचा पुढचा भाग झिजतोय. आठवण बरीच राहील, आवर सुटेल, गोडाची ओढ वाढेल. रागावू नका, गोड समोरून हलवा. जिलेबी मला आधीच दिसली होती. दादांना बाजूला का नेलं नाही? विसराळू बाप लोकांना चालतो, हावरा चालत नाही. की मलाच चालत नव्हता?

आबांच्या पत्नी, काकू, डोळे पुसत म्हणाल्या, "खाऊ द्या की वो. ते असते तर त्यांनीच अर्धी तोडून दिली असती. कावळा तर येतच न्हाई." कुणीतरी हसलं. मी मान वर केली नाही.

परतताना गाडीत दादा शेजारी बसले होते. मिशीला पाक तसाच.

"आबा गेला," ते म्हणाले. मग, "तू माझा हात पिरगाळला. समदं आठवतंय मला."

आवाजात राग नव्हता. तोच हात त्यांनी पुढे केला.

"अजून हाय का जिलेबी?"

मनगटावर माझी बोटं उमटली होती.