नेनूचा परवाना रद्द करण्याची मोहीम

११ एप्रिल, सकाळी ७.३०
या वसंतातला पहिला लावा पक्षी आज ६.१० ला भिंतीपलीकडच्या नेनूच्या शेतात उतरला. मी स्वतः दुर्बिणीतून पाहिला. ६.१२ ला मेला. दुजोरा खुद्द शिकाऱ्याने दिला. नेनूने तो पायाला धरून उंचावला आणि ओरडला, "सर, घ्या लिहून वहीत!"
आफ्रिकेहून अख्खा समुद्र ओलांडून आलेला जीव. माल्टात फक्त दम खायला उतरला होता. नेनू माझ्या वर्गात भूगोलात दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा करायला हवा होता.
संकल्प: सीझन संपायच्या आत नेनूचा परवाना रद्द.

१२ एप्रिल
अडचण. लाव्यांच्या शिकारीला सरकारचीच परवानगी आहे, दुपारी बारापर्यंत. नेनू बाराला दहा कमी असताना जातो. दंडावर शिकाऱ्याचा सरकारी पट्टा, खिशात परवान्याचा कागद. मुद्दाम कायदा पाळतो. किती खालच्या थराचा माणूस!

१४ एप्रिल
सापडलं! स्पीकरवर लाव्याचा आवाज लावून पक्षी खाली बोलावणं गुन्हा आहे. नेनू हेच करत असणार. पोलिसांना फोन केला. सार्जंट शेरींनी विचारलं, "आवाज ऐकलात का तुम्ही?"
मी म्हटलं, "ऐकेनच."

१६ एप्रिल
काल एक फोन, आज दोन. शेरी म्हणाले, आवाज आला की कळवा, सगळा परिसर तपासू. माणूस माझ्या बाजूचा वाटतो.

१७ एप्रिल
तोवर पक्षी मरू द्यायचे? माझ्या शेतात गुडघाभर गवत आहे आणि बंदूक नाही. तिथे उतरले तर वाचतील. उद्यापासून पहाटे जुन्या स्पीकरवर लाव्याची साद लावणार. बहिणीने, जीझाने, विचारलं, "विस्टिन, हाच ना तो गुन्हा?" जीझाला पक्ष्यांतलं काही कळत नाही. उद्देश चांगला असला की गुन्ह्याचा प्रश्नच येत नाही.

१९ एप्रिल
यश. माझ्या शेतात नऊ लावे!
आठ वाजता नेनूचा कुत्रा भिंतीवर चढून भुंकला. नऊच्या नऊ उडाले. त्याच्या बाजूला.
सात पडले. वहीत लिहिले नाहीत.
नेनू भिंतीवरून म्हणाला, "सर, वीस वर्षांत असा दिवस नाही बघितला. तुमच्या शेतात आहे तरी काय?" त्याने दोन पाठवले. जीझाने ठेवून घेतले, रस्साही केला. मी हात लावला नाही. फक्त बटाटे घेतले.

२० एप्रिल
आता दया नाही. उद्या स्पीकर शेताच्या मधोमध, आवाज पूर्ण. पक्षी भिंतीपासून लांब राहतील. शिवाय एवढा आवाज ऐकल्यावर पोलीस थेट नेनूच्या मानगुटीवर बसतील. शेरींना पहाटेच फोन करणार.

२१ एप्रिल, सकाळी ९
आवाज येत होता, याला सार्जंट शेरींनी दुजोरा दिला. सहा मिनिटांत पोहोचले. नेनूच्या शेतात काही सापडलं नाही. मग ते भिंत ओलांडून आले.
स्पीकर जप्त. आमच्या भागातली यंदाची पहिली केस. तक्रारदार मी, आरोपी मी. बॅटरीची वायर निघेना, ती नेनूने सोडवून दिली. वर शेरींना म्हणाला, "सरांना जरा सांभाळून घ्या हो. वय झालं आता."

त्याच दिवशी, दुपारी ४
पक्षीमित्र मंडळाच्या लिडविनाचा फोन. आरोपीचं नाव कळायच्या आत मंडळाने पत्रक काढलं होतं: अशा नराधमाला जबरात जबर शिक्षा व्हावी. मसुदा माझाच, गेल्या वर्षीचा. चांगला झाला होता.
सुनावणी सोमवारी. साक्षीदार एकच, नेनू. त्याने दुपारची वेळ मागून घेतली आहे. हवामान खात्याच्या अंदाजानुसार रविवारी रात्रीपासून वारा दक्षिणेचा असेल आणि सोमवारी सकाळी लावे मोठ्या संख्येने उतरण्याची शक्यता आहे.