प्रकरण सातवं: आफ्रिकेची माणसं

३ मार्च
पुस्तक आता झपाट्यात. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. आफ्रिकेवर माझ्याइतका अधिकार या शहरात आहे कुणाचा? वाळवंट, नद्या, हवामान झालं. राहिलं सातवं प्रकरण, माणसं. पहिलं वाक्य लिहून टाकलं: ‘या खंडाचं खरं धन म्हणजे तिथली दिलदार माणसं.’ झकास.
दाढ ठणकतेय.

४ मार्च
बायको म्हणाली, शनिवारी मुलगी येतेय, आठवडाभर. नवऱ्यासकट, पोरीसकट. नवरा तिकडचाच, आफ्रिकेतला. दातांचा डॉक्टर. पाच वर्षांपूर्वी मुलीनं मला न विचारता लग्न केलं, तेव्हापासून तिच्याशी अबोला. माझा राग त्याच्या खंडावर नाही, न विचारण्यावर आहे. बायकोला हे पुन्हा समजावलं. ती भाजी निवडत राहिली.
ठरलं. झालं गेलं विसरायचं. मन मोठं करायचं.

७ मार्च, संध्याकाळ
आले. जावई उंच. दारातच काहीतरी पुटपुटला. त्याची सोय म्हणून मी लगेच इंग्रजी सुरू केलं. नात कुरळ्या केसांची. थेट मांडीवर येऊन बसली, पेन मागितलं. दिलं नाही, लिहायचं पेन होतं. पण गोड आहे कार्टी.
मुलीशी नीट बोलायचं राहिलं. उद्या नक्की.

८ मार्च
सातव्या प्रकरणासाठी जावयाची मुलाखत. घोर निराशा. म्हणे लहानपणी सहाव्या मजल्यावर राहायचो, थंडीत पहाटे गवतावर बर्फ, अंगात दोन स्वेटर. सिंह? शाळेच्या सहलीत पाहिला, तोही झोपलेला! असं कसं म्हणून मी ॲटलास उघडून दाखवला. तो पानं चाळत बसला. नकाशा सुंदर आहे म्हणाला. माणूस गरीब आहे, पण माहिती कच्ची. वगळली.
मुलगी म्हणाली, बाबा, तो तुमची दाढ बघेल. म्हटलं, पुस्तक झाल्यावर.

९ मार्च
‘अख्खं जग आफ्रिकेच्या तालावर नाचतं’ हे लिहीत होतो आणि नात बाहेर धपाधप नाचायला लागली. ओरडलो. वाक्य बिघडलं, खोडून टाकलं. माणसाला एकाग्रता नको?
मुलीशी उद्या बोलेन.

१० मार्च
शेजारी नवीन राहायला आलेले वकील अचानक टपकले. जावई समोरच सोफ्यावर. तोंडातून निघून गेलं, हे माझ्या पुस्तकाच्या कामासाठी आलेले पाहुणे. खोटं काय त्यात? मुलाखत घेतली होतीच की. तेवढ्यात नात आजोबा, आजोबा करत गळ्यात पडली. वकील बघायला लागले. मी म्हटलं, लहान मुलांचं काय, दिसेल त्याला आजोबा म्हणतात.
मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. जावयाला आपली भाषा येत नाही, एवढं नशीब.

११ मार्च
चार दिवसांतच निघाले. मुलगी भांडली असती तर समजूत घातली असती. तिनं सरळ सामान उचललं. बायकोचीही बॅग भरलेली! पासपोर्ट कधी काढला? तर म्हणे गेल्या वर्षी, तुम्ही नद्यांच्या प्रकरणात होता तेव्हा. परत कधी? तर म्हणे, बघू.
जाताना जावई म्हणाला, बाबा, दाढ अंगावर काढू नका. आपल्या भाषेत. अडखळत, पण स्वच्छ. बायको म्हणाली, तुमच्याशी बोलता यावं म्हणून पाच वर्षं शिकतोय.
म्हणजे काल सगळं कळलं त्याला. आधी सांगायला काय झालं होतं?
असो. घर शांत. आता लिखाण धडाक्यात.

२ एप्रिल
सातवं प्रकरण पहिल्याच वाक्यावर आहे. दाढ काढून टाकावी लागली. चौकातला डॉक्टर म्हणाला, महिनाभर आधी आला असतात तर वाचली असती.
बायकोचा फोन. मागे नात गात होती, सगळे हसत होते. म्हणाली, इथे संध्याकाळी गारठा असतो, स्वेटर घालून बसलेय. मी येऊ का, असं विचारणार होतो. विचारलं, तिथे सरासरी पाऊस किती?
ती म्हणाली, थांबा, जावयांना देते. त्याचा आवाज आला, हॅलो, बाबा.
फोन ठेवला. रेंज नव्हती.