वेगळा स्वयंपाक

ता. ६ जानेवारी

चि. गुंड्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन केला की तू गोदामात असतोस, नाहीतर गाडी चालवत असतोस, म्हणून सरळ पत्र लिहायला बसले. पत्र फोनसारखं 'नंतर करतो' म्हणून मधेच ठेवता येत नाही. तूही उत्तर पत्रानेच दे, नानांना वाचून दाखवता येईल. तुझं नाव काढलं की त्यांची कळी खुलते. मला बघून त्यांना फक्त औषधाची वेळ आठवते.

नानांच्या घशाचं रेडिएशन संपून चार महिने झाले. गाठ गेली, पण तोंड अजून सोलल्यासारखं आहे आणि गिळताना ठसका लागतो. मऊ भात आणि दूध एवढंच चालतं. त्यालाही तिखट आहे म्हणून ताट सरकवतात. भातात मी काय मिरच्या पेरते?

आता माझं रडगाणं. शिवणखात्यात गणवेशांचे गठ्ठे उचलून उचलून पोटात हर्निया झालाय. अठ्ठावीस मार्चला ऑपरेशन ठरलंय, आणि पुढे दोन महिने साधी बादलीही उचलायची नाही. नानांना तर अंघोळीला हात देऊन उठवावं लागतं. तेवढे दोन महिने तू त्यांना घेऊन जा. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागते.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. तुझा लोभ आहे तसाच राहू दे, जरा लवकर दिसू दे एवढंच.

तुझी ताई

ता. १९ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. हर्नियाचं वाचून वाईट वाटलं. हल्ली दुर्बिणीने करतात, घाबरू नकोस.

नानांना आणायला माझी ना नाही. अडचण फक्त जेवणाची आहे. आमच्याकडे सगळे तिखटखाऊ. ही कामावरून दमून येते, तिला वेगळा स्वयंपाक कर म्हणून कसं सांगू? सांगितलं तर घरात काय होतं ते तुला ठाऊक आहे. अर्धा आठवडा पार्सलच येतं, आणि रविवारची बिर्याणी ठरलेली. नाना आमच्यासारखं जेवायला लागले की मी स्वतः गाडी घेऊन येतो, शब्द देतो.

तू त्यांना फार जपतेस असं हिचं म्हणणं. जीभ काय, सवयीची असते. तुमच्या इमारतीखालीच हॉटेल आहे, तिथलं सौम्य काहीतरी आणून सुरुवात कर आणि हळूहळू वाढव. बिर्याणीपर्यंत पोचले की कळव. नानांना साष्टांग नमस्कार. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

तुझा गुंड्या

ता. ११ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र नानांना वाचून दाखवलं. मला वाटलं चिडतील. कसचं काय! ताडकन उठून बसले आणि म्हणाले की पोरगं बोलावतंय, आता बिर्याणीपर्यंत पोचायचंच. म्हाताऱ्या बापाला तू परीक्षेला बसवलंस आणि शिकवणी माझ्या गळ्यात. धन्य आहे तुझी!

खालच्या हॉटेलात गल्ल्यावर मावशी बसतात, त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या की सगळ्यांत सौम्य कोर्मा, त्यात काजू आणि साय. मग मलई कोफ्ता, त्याच्यानंतर मखनी. हे सगळं ऑर्डर आल्यावर कढईत होतं, मिरची नको म्हटलं की घालत नाहीत. बिर्याणीचं तसं नाही. ती सकाळीच हंड्यात दमाला लागते, मग कुणासाठी कमी तिखट होत नाही. वरचा भात फिका आणि मसाला सगळा तळाशी. फारच हौस असेल तर वरचा भात दह्यात कालवून द्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी कोर्मा पाण्यात धुऊन दिला. पुढच्या आठवड्यात न धुता. कोफ्ताही जमला. मखनीला मात्र डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तर म्हणाले कांद्याचं आहे. अरे, कांदा मी चिरलाच नव्हता! आरशासमोर उभे राहून जीभ बघतात. कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलीय. मला बघवत नाही, पण त्यांना थांबवतही नाही, कारण मला ऑपरेशन हवंय.

डॉक्टरांनी बजावलंय की मखनीच्या पुढे जायचं नाही. तिखटाने ठसका लागून घास श्वासनळीत गेला तर जिवावर बेतेल. तेव्हा बिर्याणीची अट सोड आणि त्यांना मखनीवर पास कर. एवढी माया कर.

तुझी ताई

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. मखनीपर्यंत मजल गेली, फार आनंद झाला. बघ, मी म्हणत नव्हतो? डॉक्टर काय, घाबरवतातच. या रविवारी येतोय. बिर्याणी आमच्या नेहमीच्या ठिकाणची आणतो, ती फार काही तिखट नसते. नाना माझ्या हातून खातात की नाही ते बघच. रजा साठवायला तू रविवारीही कामावर जातेस ना? खुशाल जा, मी आहे. बाकी भेटीत.

तुझा गुंड्या

ता. ९ मार्च

चि. गुंड्यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. नानांना काल दवाखान्यातून घरी आणलं. निमोनिया उतरलाय, पण गिळण्याचा आता भरवसा नाही. नाकातून पोटापर्यंत नळी घातलीय. जे काही द्यायचं ते नळीतून, आणि किती महिने ते डॉक्टरही सांगत नाहीत. आवाज गेलाय. पाटीवर लिहून बोलतात.

त्या रविवारी मी कामावरून आले तेव्हा तू किती खुशीत होतास! आधी स्वतः चाखली, अजिबात तिखट नाही, नाना पोटभर जेवले, शनिवारी गाडी आणतो असं सांगून गेलास. नाना नुसते मान हलवत होते आणि खोकत होते. तू गेल्यावर मी डबा बघितला. वरचा पांढरा भात तसाच होता आणि तळ खरवडून साफ. चाखलास वरचा आणि त्यांना वाढलास तळाचा. का, तर चांगले तुकडे तळाशी असतात! मायेने वाढलंस हे मला कळतं, म्हणून तर धड शिवीही देता येत नाही. पण मी लिहिलं होतं रे. पत्र वाचतोस की नुसतं फोडतोस?

थांबवलं का नाही म्हणून नानांना विचारलं. त्यांनी पाटीवर लिहिलं की तू तिखट आहे का विचारलंस आणि ते नाही म्हणाले. माझ्या दूधभाताला नाकं मुरडणारा माणूस तुझ्या हातचा निखारा गिळून गोड म्हणतो. मला राग त्यांचा जास्त आला की तुझा, तेच कळत नाही.

दवाखान्यातून फोन केला तर कळवत राहा म्हणालास. शनिवारी गाडी नाही, तूही नाहीस. अठ्ठावीस तारीख तोंडावर आलीय. त्यांना घेऊन जा. आता अटीबिटी चुलीत घाल.

ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून फार लागलं. मी काय विष कालवलं होतं? तीनदा विचारलं, तीनदा ते नाही म्हणाले. माणसाने विश्वास कुणावर ठेवायचा?

नळी लावलेल्या माणसाला आम्ही दोघं कामावर जाणारे कसं सांभाळणार? ही तर नुसत्या विचारानेच घाबरलीय. तेव्हा सध्या आणायचा प्रश्नच उरत नाही. तू ऑपरेशन पुढे ढकल, हर्निया काही पळून जात नाही. तुला स्वयंपाकाचा त्रास नको म्हणून खालच्या हॉटेलात आठवडाभराच्या पार्सलचं सांगून ठेवलंय. तिखट-फिकं काय हवं ते मावशींना सांग. राग मानू नकोस, लोभ आहे तो असू दे.

तुझा गुंड्या

ता. १८ मार्च

चि. गुंड्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. हात कापतो, अक्षर सांभाळून घे. तुझं पत्र ताई दाखवत नव्हती, मीच मागून घेतलं.

बिर्याणीचं मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्याच घासाला जीव डोळ्यांत आला होता. पण तू समोर बसून इतक्या हौसेने वाढत होतास, आणि मला तुझ्याकडे यायचं होतं. घर घेतल्यापासून तुझ्या घरात मी एक रात्र राहिलो नाही. उंबऱ्यावरून चहा पिऊन परत आलो, तेवढंच.

ताई पोट धरून चालते. काल माझी बादली उचलताना मटकन खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. विचारलं तर काही नाही म्हणते. खोटं बोलायला माझ्याकडूनच शिकली असणार. ऑपरेशन पुढे ढकलायला डॉक्टर तयार नाहीत. आतडं अडकलं तर पोरगी हातची जाईल म्हणाले.

सूनबाई दमून येते हे मला समजतं. म्हणून मुद्दाम कळवतो. नळीतून जातं ते पावडरीचं दूध. डब्यात मिळतं, कोमट पाण्यात कालवायचं. कालवतो मी, ओततोही मीच, दवाखान्यात शिकून आलो. तुम्ही काय खाता, किती तिखट खाता, याच्याशी माझा आता संबंध नाही. नळीला चव कळत नाही. माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागणार नाही.

तेव्हा तुझ्या अटीत मी बसतो. अठ्ठावीसच्या आत गाडी आण.

तुझ्या लोभाची वाट बघणारा,
नाना