स्टिअरिंग जड लागतंय

प्रिय सुशांत,

देवेश उद्या गोव्याला निघतोय, तुझ्याच जहाजावर चढायला, म्हणून हे त्याच्या हाती देतेय. सोबत कोकमाच्या आगळाची बाटली आणि सुके बांगडे आहेत, ते नंतर उघड. आधी हे सगळं वाच, आणि वाचून होताच फोन लावू नकोस. आपल्याकडे रेंज येते ती अंगणातल्या माडाखाली, आणि तुझे बाबा हल्ली दिवसभर तिथंच खुर्ची टाकून असतात. मी फोनवर ‘सगळं बरं आहे’ म्हणते ते त्यांच्या देखत. मेसेज पाठवला असता तर तू त्याच मिनिटाला फोन केला असतास. म्हणून कागदावर लिहितेय.

बोटीचं स्टिअरिंग जड झालंय, एवढं तुला माहीत आहे. ते खोटं नव्हतं. पावसाळाभर बोट माडाच्या झापांखाली होती; गणपतीनंतर पाण्यात उतरवली तेव्हापासून चाक वळेनाच. बाबा दोन्ही हातांनी ओढायचे आणि रोज म्हणायचे, उद्या बघूया. सीझन सुरू झाला होता, देवबागला रोज पर्यटक येत होते, त्यामुळे तो उद्या काही उजाडला नाही. पॅसेंजरांत बायका-मुलं असली की लाइफ जॅकेट बांधून द्यायला मीही बोटीवर जाते. अशाच एका फेरीत नदी-समुद्राच्या संगमावरून परतताना बाबांना वळायला उशीर झाला आणि बोट वाळूच्या पट्टीला घासली. एक लहान मुलगी फळीवरून घसरून खाली बसली. तिला काही लागलं नाही, ती उलट हसली.

दुसऱ्या दिवशी मी फेऱ्या बंद ठेवायला लावल्या. महादूकाका मेकॅनिक स्वतःची बोट बंद ठेवून वेंगुर्ल्याला कुणाच्या तरी इंजिनाच्या कामाला गेले होते. त्यांनी फोनवर सांगितलं, आधी केबलचा दांडा इंजिनापासून सोडवा आणि नुसतं मागे टांगलेलं इंजिन हातानं इकडेतिकडे फिरवून बघा. बघितलं, तर इंजिन सहज फिरत होतं. चाक मात्र तसंच घट्ट. म्हणजे दोष केबलकडे. मग नट सोडवला आणि इंजिनाच्या आडव्या नळीतून दांडा बाहेर ओढायला लागलो. तो येईना. डिझेल सोडलं, लाकडाचा तुकडा लावून हळूहळू ठोकला, तेव्हा कुठे सुटला. आत जुनं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालेलं आणि त्यावर मिठाचा पांढरा थर. मी काठीला चिंधी गुंडाळून नळी आतून पुसत राहिले, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. दांडा बारीक पॉलिश पेपरनं घासला, नवं ग्रीस भरलं. बाबा खडकावर बसून एकेक गोष्ट सांगत होते, काम माझ्याकडून करून घेत होते. नट ते स्वतः पिळतील असं मला वाटलं होतं, पण पाना त्यांनी माझ्याच हातात दिला. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. सगळं जोडून झाल्यावर मी चाक फिरवलं. नुसत्या बोटांनी फिरलं रे. मला इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी मी घावणे केले आणि बाबांना आग्रह करकरून वाढले.

सकाळी बाबा रिकामी बोट घेऊन खाडीत एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, अजून जडच लागतंय. मी पुन्हा फिरवून बघितलं, छान हलकं. महादूकाका परत आल्यावर त्यांनी केबल सबंध तपासली, आणखी थोडं ग्रीस लावलं आणि म्हणाले, यात आता काही शिल्लक नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाबांकडे नाही, माझ्याकडे. मला तेव्हा काय ते समजलं नाही.

त्यानंतर मी बाबांवर लक्ष ठेवायला लागले. शर्टाची बटणं लावायला त्यांना फार वेळ लागतो. उजव्या पायातली चप्पल वाटेत निसटते आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तिथंच उभे राहून समुद्राकडे बघत राहतात. चहाचा कप डाव्या हातात. आई गेल्यापासून ते गप्पगप्प असतात, त्यात हे सगळं झाकून गेलं होतं.

आणि मग तो रविवार. फेऱ्या पुन्हा सुरू झालेल्या, बोट भरलेली, ओहोटीचं पाणी जोरात ओढत होतं, समोरून दुसरी बोट येत होती. बाबांनी वळवायला हवं होतं आणि ते वळवत नव्हते. मी बाजूलाच होते. ते हळूच म्हणाले, वळत नाही. मी त्यांच्या हातावर हात ठेवून चाक ओढलं. चाक लगेच फिरलं. सुशांत, चाकात काहीच नव्हतं. माझ्या तळव्याखाली त्यांचा हात होता, तो थंड आणि लाकडासारखा ताठ होता. ती बोट अगदी जवळून गेली. आपल्या पॅसेंजरांना काही कळलं नाही, ते फोटो काढत होते. बाबा जरा सरकले आणि मला जागा दिली.

“तू धर,” म्हणाले. “हात माझो ऐकणा नाय गो.”

त्यांनी बाजूला बसून सांगावं आणि मी वळवावं, अशी मी बोट धक्क्याला आणली. कशी आणली ते मला आठवत नाही.

फोंडाघाटला मावशीकडे जातोय असं शेजारी सांगून मी त्यांना कोल्हापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे. हात थरथरत नाही तर कंपवात कसा, असं मी विचारलं. काहींचा आधी ताठरतो, म्हणाले. गोळ्या सुरू केल्यात. गोळ्यांनी पुष्कळ बरं वाटेल, चालतील-फिरतील, पण माणसं बसवून बोट चालवायची नाही. बाबांनी ते ऐकून घेतलं. परतताना घाट उतरून खाली आल्यावर एकच बोलले, “सुशांताक सांगू नको. तो जहाज सोडून येतलो.” मी नाही सांगणार म्हटलं. म्हणजे आज शब्द मोडतेय. पण येत्या रविवारी त्यांनी कट्टा गावच्या एका कुटुंबाला संगमावर न्यायचं कबूल केलंय, आणि नाही म्हणायला तयार नाहीत. परवापासून कुणी अंगणाकडे येताना दिसलं की मीच आधी पुढे होते, बोट ठरवायला तर आलं नाही ना ते बघायला.

तू जहाज सोडून येऊ नकोस. हे त्यासाठी लिहिलेलं नाही. मी त्यांना म्हटलं होतं, मला शिकवा, रीतसर परवाना काढते, बोट मी चालवीन. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, सुशांतला काय वाटेल, बापानं सुनेला समुद्रावर पाठवलं. हातापेक्षा त्यांना तीच भीती जास्त आहे. म्हणून शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर फोन कर. बाबाच उचलतील. हाताचं विचारू नकोस, तुला काही माहीत नाही असंच बोल. त्यांना सांग, तुझ्या मनात कधीपासून आहे की सारिकानं बोट शिकावी, आणि या रविवारी पॅसेंजर महादूकाकांच्या बोटीवर देऊन त्यांनी मला रिकाम्या बोटीवर न्यावं. माझ्यासाठी ते ऐकणार नाहीत, स्वतःसाठी तर नाहीच. तू मागितलंस तर देतील. मला पाण्याची भीती वाटते, तुला ठाऊक आहे, अजूनही वाटते. तरीही माग.

तुझी वाट बघणारी, तुझीच
सारिका