सुतकातला बहर

शिरपूर, ३ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. ललिताबाईस धाकट्या रामधनचा सा. न. वि. वि.

तुझ्या भावजयीची, सोनीची तेरवी करून तू कारंजाला सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. मी जेवतो, झोपतो, बागेत जातो. काही वाटत मात्र नाही.

एक गोष्ट तुला तेव्हा सांगितली नव्हती. भावकीतल्या पाच घरांच्या फुलबागांना मिळून एक विहीर व्हावी म्हणून सोनीनेच सगळ्यांच्या मागे लागून सरकारी अनुदानाचा अर्ज करवला होता. सुतकातच साहेब पाहणीला आले. सगळी भावकी सुतकात, म्हणजे फूल तोडायचं नाही, देवाला नाही की बाजारालाही नाही. शेवंती न् झेंडू झाडावरच लदलेले. मी घरात बसून होतो, म्हणून फुलसिंगने त्यांना फिरवलं. असा बहर कुठं पाहिला नाही, असं साहेब म्हणाले आणि आपला चुलतभाऊ विरघळला. पाहुण्याले वाईट बातमी कायले सांगायची, म्हणून गप्प बसला. काल उत्तर आलं की बागांना पाणी पुरेसं दिसतं, सबब अनुदान मंजूर करता येत नाही.

चैत्रात नाला आटला की पाचही बागा जातील. फुलसिंग तोंड चुकवतो. मला त्याचा रागसुद्धा येत नाही.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझा, रामधन


कारंजा, ९ फेब्रुवारी १९५७

चि. रामधन यास अनेक आशीर्वाद.

राग येत नसेल तर राहू दे, पण पाय तरी हलव. वाशीमच्या कचेरीत जाऊन खरं कारण सांग. तू सांगितलं नाहीस तर साहेबाला काय स्वप्न पडणार आहे? हे घोंगडं भिजत ठेवू नकोस. फुलसिंगला सोबत ने. कौतुक केलं की त्याची अक्कल गहाण पडते, हे लहानपणापासूनचंच आहे, पण मनाचा वाईट नाही.

शेवया पाठवते आहे. दूध आटवून करून खा. तुझी फार काळजी वाटते रे.

तुझी, बाई


शिरपूर, ४ मे १९५७

ती. सौ. बाईस सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मी गेलो होतो. साहेबांनी विचारलं की फुलं झाडावर काहून ठेवली होती. माझी बायको गेली, असं मी सांगितलं. गावात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे तोवर हे कोणाला सांगायची वेळच आली नव्हती. साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. मग ते पुन्हा आले, कोरडा नाला पाहिला, आणि विहीर मंजूर झाली.

परवा अक्षय्यतृतीयेला कुदळ मारली. पूजेला जोडपं लागतं. मी फुलसिंग न् त्याच्या बायकोला, रुपाला बसा म्हटलं, तर फुलसिंग हात जोडून म्हणाला की अर्ज वहिनीनं करवला, तिच्याबिगर आमी कसे बसू. भटजींनी तोड काढली : बायकोच्या जागी सुपारी कमरेला खोचून मीच बसायचं. बसलो. सगळं सांगतील तसं केलं, तेव्हाही काही वाटलं नाही. पूजा आटोपली आणि भटजी म्हणाले की आता सुपारी काढून ठेव.

माझा हात जाईना, बाई. त्यांनी दोनदा सांगितलं. मग अख्ख्या भावकीसमोर मी जमिनीवर बसून रडलो आणि सुपारी काही दिली नाही.

जमलं तर चार दिवस ये.

तुझा, रामधन