फोर्डचे छोटे पिकअप आणि आमचे डबे

४ जानेवारी २०२१, अ‍ॅमस्टेलव्हीन, नेदरलँड्स
कंपनीने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. कोविड. वाईट वाटलं, पण चहा होईपर्यंतच. आता ग्रंथाला वेळ मिळेल: 'फोर्डच्या छोट्या पिकअप ट्रकचा इतिहास'. मराठीत असं काही नाही. रोज दोन पानं. सुचेताला सांगितलं. ती म्हणाली, आधी कांदे चिरून दे. तिने घरून डबे सुरू केलेत. सध्या घर त्यावरच चालायचंय.

११ जानेवारी
पहिलं प्रकरण झालं. १९७२चा फोर्ड कुरियर. गाडी बनवायची जपानातल्या माझ्दाने, नाव फोर्डचं. यात गैर काही नाही, धंद्याला नाव लागतं. त्यावरून सुचलं, डब्यांनाही हवं. 'नीळकंठ्स किचन'चे स्टिकर मागवले. सुचेताने कांद्यांची टोपली माझ्यापुढे सरकवली. आवडलं असावं.

२५ जानेवारी, दुपार
नऊनंतर कर्फ्यू. सुचेता सायकलला पिशव्या लटकवून डबे पोचवते, दमून येते. म्हटलं, यावर उपाय एकच, छोटा पिकअप. तिने विचारलं, लायसन्स? मुद्दा बरोबर. थिअरीचं पुस्तक आपण इथे आलो त्याच वर्षी आणलंय. उघडायचं राहिलंय. आमची लेक शलाका डचमध्ये काहीतरी पुटपुटली. पोरीला अर्थ विचारला नाही.

८ फेब्रुवारी
बर्फ. सुचेता घसरून पडली, गुडघा सुजला. तरी डबे गेले. मला खरंच वाईट वाटलं. उद्यापासून डिलिव्हरी मी करणार. उद्या बर्फ जास्त आहे म्हणे. तर सोमवारपासून.

१५ मार्च
हाही सोमवारच. सुचेताने जुनी बाकफीट्स आणली, पुढे मोठी लाकडी पेटी असलेली सायकल. पेटीवर आपला स्टिकर लावला, फोटो काढला. ग्रंथ १९८३च्या रेंजरवर अडलाय. इथून फोर्डने छोटा ट्रक स्वतः बनवायला घेतला. अवघड भाग आहे. कंटाळा आलाय.

९ एप्रिल
सुचेताचा गुडघा पुन्हा धरला, म्हणून आज डिलिव्हरीला मी. ही सायकल वळणावर ऐकत नाही. रोज डबा घेणाऱ्या वीणाताईंच्या दारातच आडवी झाली. आमटी रस्त्यावर, माझा घोटा मुरगळला. सुचेता चालत आली. आधी धड राहिलेले डबे पोचवले, मग मला पेटीत बसवून डॉक्टरकडे निघाली. वीणाताईंनी विचारलं, हेच का नीळकंठ? ती म्हणाली, हो, पेटीवर नाव आहे ना. पुलाच्या चढावर ती उभी राहून पॅडल मारत होती. मी समोर बघत बसलो. मागे वळायचा धीर झाला नाही.

१० जून
फोर्डने नवा छोटा पिकअप जाहीर केला, मॅव्हरिक. ग्रंथ पुन्हा अपुरा. घोटा बरा आहे. कांदे चिरले. चिरता चिरता सुचेताला पहिलं प्रकरण तोंडी सांगितलं. पोळ्या लाटत तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, आणि त्या माझ्दाचं पुढे काय झालं रे?

ते मी शोधलंच नव्हतं.